‘मॅरेथॉन’ या नावाचा अर्थ सांगताना या चुका टाळा

हिवाळा लागला की आपल्याकडे धावण्याचे दिवस सुरू होतात. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३पासून चालू आहे, मुंबईची २००४पासून, आणि आता तर तालुक्याच्या गावीही दरवर्षी एखादी शर्यत होते. त्या निमित्ताने स्मरणिका निघतात, शाळांत भाषणं होतात, पुरवण्यांत ‘तुम्हाला हे माहीत आहे का?’ अशा चौकटी येतात. या चौकटींत ‘मॅरेथॉन’ नावाचा उगम सांगितलेला असतो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. एकाने लिहिलेलं दुसरा उचलतो, तिसरा त्यात भर घालतो. शाळेतली मुलं तेच पाठ करतात, याचं मला जास्त वाईट वाटतं. खरी हकीकत सांगायला काहीच अवघड नाही, आणि ती चुकीच्या हकिकतीपेक्षा कितीतरी रंगतदार आहे.

आधी सरळ उत्तर देतो. मॅरेथॉन हे अथेन्सच्या ईशान्येला, समुद्रकाठच्या एका मैदानाचं आणि तिथल्या गावाचं प्राचीन नाव. ग्रीक भाषेत ‘मरथॉन’ म्हणजे बडीशेपेचं झाड. त्यातला शेवटचा ओकार ऱ्हस्व. तोच दीर्घ केला की ‘मरथोन’, म्हणजे बडीशेप जिथे भरपूर उगवते ती जागा. असा दीर्घ ‘-ओन’ लावून जागेचं नाव करायची ग्रीकांची जुनी रीत होती. ‘आम्पेलोस’ म्हणजे द्राक्षवेल, ‘आम्पेलोन’ म्हणजे द्राक्षमळा. ‘एलाइया’ म्हणजे ऑलिव्ह, ‘एलाइओन’ म्हणजे ऑलिव्हची बाग. आपल्याकडे आंबेगाव, पिंपळगाव, बाभूळगाव ही नावं जशी पडली तसंच हे. आता चुकांकडे वळू.

चूक पहिली: मॅरेथॉन म्हणजे ग्रीकमध्ये ‘लांब पल्ल्याची धाव’

ही सगळ्यात जास्त छापली जाणारी चूक. प्राचीन ग्रीकमध्ये या शब्दाचा धावण्याशी काडीचाही संबंध नव्हता. ग्रीकांच्या क्रीडास्पर्धांत लांब पल्ल्याची शर्यत होती, पण तिचं नाव ‘दोलिखोस’. ती स्टेडियमच्या आतच फेऱ्या मारून पूर्ण करायची आणि तिचं अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर भरायचं. चाळीस किलोमीटरची शर्यत प्राचीन ऑलिंपिकमध्ये कधीच नव्हती.

आजच्या ग्रीकमध्येही गाव आणि शर्यत यांची नावं वेगळी आहेत. गाव ‘मराथोनास’ आणि शर्यत ‘मराथोनिओस’, म्हणजे ‘मॅरेथॉनची (शर्यत)’. शर्यतीला गावाच्या नावावरून केलेलं विशेषण लावलं आहे, हे त्यांना ऐकताक्षणी कळतं. आपल्याकडे इंग्रजीतून एकच शब्द आला आणि त्यातलं गाव गळून पडलं. लिहिताना ‘मॅरेथॉन या गावावरून शर्यतीला नाव पडलं’ एवढं वाक्य आलं तरी निम्मा घोटाळा मिटतो.

मग प्राचीन अथेन्सच्या माणसाला ‘मॅरेथॉन’ ऐकल्यावर काय आठवायचं? लढाई. इ.स.पू. ४९० मध्ये याच मैदानावर अथेन्स आणि प्लाटाया या नगरांच्या पायदळाने पर्शियन सैन्याचा पराभव केला. हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने दिलेला आकडा असा की अथेन्सचे १९२ जण पडले आणि पर्शियनांचे ६४००. त्या १९२ जणांवर रचलेला मातीचा उंचवटा आजही मैदानात उभा आहे. त्याला ‘सोरोस’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वालेरिओस स्ताइस या ग्रीक पुरातत्त्वज्ञाने तो खणला तेव्हा आत दहनाची राख आणि त्या काळातली मातीची भांडी निघाली.

या लढाईमुळे ‘मरथोनोमाखोस’, म्हणजे मॅरेथॉनला लढलेला, असा एक शब्दच अथेन्समध्ये रूढ झाला. लढाईला साठ-सत्तर वर्षं उलटल्यावर अ‍ॅरिस्टोफेनिस आपल्या विनोदी नाटकांत तो वापरतो. तिथे त्याचा अर्थ जुन्या पिढीतला, हाडापेराने मजबूत, साध्या राहणीचा माणूस. शोकांतिका लिहिणारा एस्किलस स्वतः या लढाईत होता. त्याच्या नावावर परंपरेने चालत आलेला एक समाधिलेख आहे. त्या लेखात त्याच्या नाटकांचं नावही नाही. त्याचं शौर्य मॅरेथॉनच्या वनाला विचारा, लांब केसांच्या मीड (म्हणजे पर्शियन) लोकांना विचारा, त्यांनी ते अनुभवलं आहे, एवढंच म्हटलं आहे. नाटककाराच्या थडग्यावर नाटकांऐवजी या गावाचं नाव यावं, यातच त्या नावाचं अथेन्समधलं वजन कळतं. दोन हजारांहून अधिक वर्षं ‘मॅरेथॉन’चा अर्थ हा होता. धावण्याचा अर्थ १८९६ नंतरचा.

चूक दुसरी: लढाई बडीशेपेच्या शेतात झाली, म्हणून बडीशेपेला ‘मरथॉन’ नाव पडलं

ही चूक औषधी वनस्पतींवरच्या लेखांत हमखास सापडते. गोष्ट उलटी आहे. झाडाचं नाव आधीचं, त्यावरून जागेचं नाव, आणि लढाई त्या दोन्हींच्या कितीतरी नंतरची.

याचा पुरावा भक्कम आहे. ग्रीकांच्या इतिहासातली मायसीनी संस्कृती आपला हिशेब मातीच्या पाट्यांवर ‘लिनिअर बी’ नावाच्या लिपीत लिहायची. ही लिपी मायकेल व्हेंट्रिस या इंग्लिश वास्तुविशारदाने १९५२ मध्ये उलगडली, आणि तिच्यातली भाषा ग्रीकच निघाली. मायसीनीत सापडलेल्या काही पाट्यांवर मसाल्याच्या जिनसांच्या याद्या आहेत. त्यांत ‘को-रि-या-दा-ना’ म्हणजे धणे, ‘कु-मि-नो’ म्हणजे जिरे, ‘सा-सा-मा’ म्हणजे तीळ, ‘मि-ता’ म्हणजे पुदिना, ‘का-ना-को’ म्हणजे करडई, आणि याच यादीत ‘मा-रा-तु-वो’ म्हणजे बडीशेप. या पाट्या इ.स.पू. तेराव्या शतकातल्या. म्हणजे लढाईच्या सुमारे आठशे वर्षं आधी कुणीतरी कारकून कोठारातली बडीशेप याच नावाने नोंदवत होता.

इथे एक बारकावा सांभाळा. पाटीवर आहे ते झाडाचं नाव, गावाचं नाही. ‘मॅरेथॉन गावाचा उल्लेख तेराव्या शतकातल्या पाट्यांवर आहे’ असं लिहिलंत तर एक चूक दुरुस्त करताना दुसरी केलीत. गावाचं नाव आपल्याला होमरच्या ‘ओडिसी’त भेटतं. सातव्या सर्गात अथीना देवी मॅरेथॉनला आणि तिथून रुंद रस्त्यांच्या अथेन्सला जाते. लढाईच्या सुमारे अर्धशतक आधी पायसिस्ट्रेटस हा हुकूमशहा अथेन्स परत घ्यायला आला तेव्हा तोही याच मैदानावर उतरला, असं हिरोडोटस सांगतो. त्याचाच म्हातारा मुलगा हिपियस इ.स.पू. ४९० मध्ये पर्शियनांना वाट दाखवत इथे घेऊन आला. म्हणजे गाव आणि नाव दोन्ही लढाईच्या आधीपासून माहितीतले.

अथेन्सच्या लोकांना आपल्या या गावनावातली बडीशेप ऐकू येत होती का? येत होती, आणि याचा माझा सगळ्यात आवडता पुरावा एका खाण्याच्या पदार्थात आहे. हर्मिपस हा इ.स.पू. पाचव्या शतकातला विनोदी नाटककार. त्याची एक ओळ पुढच्या काळातल्या अथेनियस या लेखकाने जपून ठेवली. खारवलेल्या ऑलिव्हचा विषय चालू असताना हर्मिपस म्हणतो की मॅरेथॉनची चांगली आठवण ठेवून सगळे लोक त्या खाऱ्या पाण्यात मरथॉन टाकतात. ग्रीसमध्ये ऑलिव्ह मुरवताना आजही बडीशेपेच्या काड्या घालतात. गावाचं नाव आणि बरणीतली काडी एकाच ओळीत आणून केलेला हा श्लेष प्रेक्षकांना लगेच कळत होता, म्हणजेच नावाचा अर्थ त्यांच्या कानाला उघड होता.

शेजारची नावं पाहिली तर शंकेला जागाच उरत नाही. मॅरेथॉनच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर ऱ्हाम्नुस हे गाव होतं. तिथे नेमेसिस देवीचं प्रसिद्ध मंदिर होतं, आणि ‘ऱ्हाम्नोस’ हे एका काटेरी झुडपाचं नाव. सिसिलीतलं सेलिनुस हे ग्रीक नगर ‘सेलिनॉन’ म्हणजे रानटी सेलरीवरून, आणि त्या नगराने आपल्या नाण्यांवर सेलरीचं पानच कोरलं. स्ट्रॅबो हा भूगोलकार तर आजच्या स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यातल्या एका मैदानाबद्दल लिहितो की रोमन लोक त्याला आपल्या भाषेत बडीशेपेचं मैदान म्हणतात, कारण तिथे ती फार उगवते. दोन देश, दोन भाषा आणि नाव ठेवायची पद्धत एकच.

चूक तिसरी: बडीशेपेऐवजी भलतंच झाड

मराठीत ही चूक जास्त होते, कारण आपल्याकडे ‘शेप’ म्हटलं की तीन-चार गोष्टी डोळ्यांपुढे येतात. मरथॉन म्हणजे जेवणानंतर आपण खातो ती बडीशेप. भाजीचा शेपू वेगळा, आणि त्याच्याच बिया म्हणजे बाळंतशेपा. शेपूला ग्रीकमध्ये ‘आनेथॉन’ म्हणतात. बडीशेपेसारखीच दिसणारी बारीक विलायती बडीशेप हे तिसरं झाड, त्याचं ग्रीक नाव ‘आनिसॉन’. तेव्हा ‘शेपूचं मैदान’ असं भाषांतर दिसलं तर खोडून टाका.

यापेक्षा फसवी गल्लत ग्रीक पुराणकथांतल्या प्रॉमिथियसच्या गोष्टीत आहे. त्याने देवांकडून अग्नी चोरला तो ‘बडीशेपेच्या पोकळ दांड्यात लपवून’ असं काही ठिकाणी वाचायला मिळतं, आणि मग मॅरेथॉनचं मैदान त्या गोष्टीशी जोडलं जातं. हेसियड या प्राचीन ग्रीक कवीच्या काव्यात तिथे ‘नार्थेक्स’ हा शब्द आहे, मरथॉन नाही. नार्थेक्स हे माणसापेक्षा उंच वाढणारं, जाड दांड्याचं झाड. दांड्यातला गाभा हळूहळू धुमसतो, म्हणून विस्तव वाहून न्यायला ते खरोखर वापरत. वनस्पतिशास्त्रात ते हिंगाच्या झाडाच्या जवळच्या नात्यातलं. इंग्रजीत त्याच्या नावात बडीशेपेचा शब्द आहे, आणि मराठीत उतरवताना पुढचं ‘महाकाय’ हे विशेषण गळालं की झाला घोटाळा. प्रॉमिथियसला मॅरेथॉनच्या लेखात आणण्याचं काही कारण नाही.

चूक चौथी: ‘मरथॉन’ म्हणजे बारीक करणारी वनस्पती

वजन कमी करण्याच्या लेखांत हे फार फिरतं. ग्रीकमध्ये ‘मराइनो’ असं क्रियापद आहे, अर्थ कोमेजणं, झिजणं. त्यावरून मरथॉन आलं, कारण बडीशेप खाल्ली की माणूस सडपातळ होतो, आणि म्हणून धावपटू आणि बडीशेप यांचं नातं, अशी ही साखळी. ऐकायला छान वाटते, पण पहिलीच कडी तुटकी आहे.

मघाची पाटी आठवा. तिथलं रूप ‘मा-रा-तु-वो’, म्हणजे उच्चारी साधारण ‘मराथ्वोन’. सर्वात जुन्या रूपात ‘थ’नंतर ‘व’ आहे. ‘मराइनो’मधून हा ‘थ्व’ कुठून येणार, याला उत्तर नाही. नुसती पहिली दोन अक्षरं जुळली म्हणून दोन शब्द सख्खे होत नाहीत.

मग झाडाच्या नावाचं मूळ काय? अभ्यासकांचा कल असा की हा शब्द मुळात ग्रीक नसावा. ग्रीक बोलणारे लोक त्या भूमीत येण्याआधी तिथे जी भाषा किंवा ज्या भाषा होत्या, त्यांतून तो उचलला गेला असावा. झाडं, मासे, भांडी आणि जागा यांची अशी कितीतरी नावं ग्रीकांनी आधीच्या लोकांकडून घेतली. मॅरेथॉनच्या मैदानावर पूर्वी चार गावांचा एक संघ होता. मॅरेथॉन, ओइनोए, प्रोबालिंथोस आणि ट्रिकोरिंथोस. यातल्या शेवटच्या दोन नावांचा ‘-इंथोस’ हा शेवट पाहा. कोरिंथ, झाकिंथोस, ‘लाबिरिंथोस’ म्हणजे भुलभुलैया, ‘हियाकिंथोस’ हे फूल, या सगळ्यांत तोच आहे, आणि तो ग्रीकपूर्व भाषेचा ठसा मानला जातो. म्हणजे मॅरेथॉनच्या शेजारची गावं ग्रीक भाषेपेक्षाही जुन्या नावांची. अशा परिसरात बडीशेपेच्या नावाची ग्रीक धातूपासून ओढूनताणून व्युत्पत्ती लावणं व्यर्थ आहे. ‘बडीशेप’ इथपर्यंत पोचून थांबावं.

चूक पाचवी: मरथोस नावाच्या वीरावरून गावाचं नाव पडलं, हे इतिहास म्हणून लिहिणं

या चुकीत लिहिणाऱ्याचा दोष कमी, कारण ही गोष्ट प्राचीन ग्रंथांतच आहे. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने थीसियस या पुराणकथेतल्या अथेन्सच्या राजाच्या चरित्रात डिकेआर्कस या जुन्या लेखकाचा हवाला दिला आहे. आर्केडियातून आलेल्या सैन्यात मरथोस नावाचा एक जण होता. लढाईआधी एक बळी हवा, अशी देववाणी झाली. त्याने आपणहून स्वतःला अर्पण केलं, आणि त्याच्यावरून गावाला नाव मिळालं.

पॉसेनियस या प्रवासवर्णनकाराने वेगळीच वंशावळ दिली आहे. तिच्यात वीराचं नाव मरथोन, तो सूर्याच्या वंशातला, एपोपियसचा मुलगा. बापाच्या जुलमाला कंटाळून तो अॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सभोवतीच्या प्रदेशाच्या, किनाऱ्यावर येऊन राहिला. बाप मेल्यावर परत गेला, राज्य दोन मुलांत वाटून दिलं आणि पुन्हा अॅटिकात आला. त्या दोन मुलांची नावं सिकिओन आणि कोरिंथोस. दोन्ही पेलोपोनीजमधली, म्हणजे दक्षिण ग्रीसमधली, शेजारशेजारची नगरं! इथे थांबून नीट पाहिलं की ही वंशावळ कशी बनली ते लख्ख दिसतं. आधी नकाशावर नगरं होती, मग प्रत्येक नगराला एक माणूस दिला गेला, मग त्या माणसांत नाती जोडली गेली. ग्रीकांनी जवळजवळ प्रत्येक नगरासाठी असा मूळपुरुष तयार केला होता.

तरी ही गोष्ट फेकून देऊ नका. पॉसेनियस सांगतो की मॅरेथॉनचे लोक या वीराची पूजा करत. अथेन्सच्या बाजारचौकातल्या ‘चित्रांच्या ओवरी’त लढाईचं जे भव्य चित्र होतं, त्यातही हा वीर उभा दाखवला होता. लोकांची श्रद्धा काय होती, याची ही पक्की साक्ष आहे. ‘गावकरी आपलं नाव मरथोन या वीरावरून आलं असं मानत’ हे वाक्य बरोबर. ‘मरथोन या वीरावरून नाव आलं’ हे चूक. एका क्रियापदाने फरक पडतो.

आणि उलट बाजूचा इशाराही देतो, कारण बडीशेपेचा अर्थ कळल्यावर प्रत्येक गावनावात भाजीपाला शोधायचा मोह होतो. वर आलेलं सिकिओन घ्या. ‘सिकिओस’ म्हणजे काकडी, तेव्हा सिकिओन म्हणजे काकड्यांचं गाव, ही फोड अगदी मॅरेथॉनसारखी दिसते. पण त्या नगराच्या जुन्या नाण्यांवर नावाची पहिली दोन अक्षरं ‘सि’ नव्हे, ‘से’ अशी आहेत. तिथले लोक स्वतःच्या नगराला ‘सेकिओन’ म्हणत. मग काकडीचं काय करायचं? मॅरेथॉनच्या बाबतीत पाटी, शेजारची नावं आणि त्या काळच्या लोकांचा श्लेष असे तीन वेगवेगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात. सिकिओनच्या बाबतीत नाणंच आड येतं.

चूक सहावी: मॅरेथॉन आणि मराठा

‘मॅरेथॉन’मध्ये ‘मराठा’ ऐकू येतो, हे मान्य. कुणाला ‘महारथी’ ऐकू येतो, कुणाला नुसता ‘रथ’. त्यावरून आपल्या पूर्वजांनी ग्रीसमध्ये गाव वसवलं इथपर्यंत मजल जायला वेळ लागत नाही. आपल्या भाषेवर प्रेम असणाऱ्या माणसाने तर या वाटेला मुळीच जाऊ नये.

शब्दांचं नातं तपासायचा नियम साधा आहे. आजची रूपं शेजारी ठेवू नका. दोन्हीकडची सर्वात जुनी रूपं ठेवा. आपल्याकडे महाराष्ट्र, त्याचं प्राकृतात महारट्ठ, पुढे मरहट्ठ, आणि जुन्या मराठीत मऱ्हाठा, मऱ्हाटी. मध्ये ठसठशीत ‘ह’ आहे आणि शेवटचा ‘ठ’ मूळच्या ‘ष्ट्र’मधून घडला आहे. तिकडे ‘मराथ्वोन’. त्यात ‘ह’ नाही, ‘ट’वर्ग तर ग्रीक भाषेतच नाही, आणि अर्थ बडीशेप. जितकं मागे जावं तितके हे दोन शब्द एकमेकांपासून लांब जातात.

याच जातीचा आणखी एक चकवा सीरियाच्या किनाऱ्यावर आहे. तिथल्या एका फिनिशियन नगराला ग्रीक लोक ‘मराथोस’ म्हणत. इ.स.पू. ३३३ मध्ये अलेक्झांडर तिथे मुक्कामाला असताना पर्शियन सम्राट डरायसचं पत्र त्याच्याकडे आलं, म्हणून इतिहासात हे नाव येतं. त्या जागेचं आजचं नाव अम्रित. ते आपलं ‘अमृत’ नाही, आणि ‘मराथोस’ हे अॅटिकातल्या मॅरेथॉनचं दुसरं नावही नाही. जुना नकाशा वाचताना दोन्ही एक समजू नका.

ग्रीक स्थलनाम आणि मराठी मुलूख यांचा खरा धागा हवाच असेल तर तो आहे, आणि अस्सल आहे. अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, किनाऱ्यावरचा ग्रीकांचा प्रदेश म्हणजे आयोनिया. तिथल्या लोकांना पर्शियन ‘यौना’ म्हणत, आणि आपल्याकडे तेच ‘यवन’ झालं. कार्ल्याच्या लेण्यांत स्तंभांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत धेनुकाकट गावच्या यवनांची दानं आहेत. जुन्नर आणि नाशिकच्या लेण्यांतही यवन दाते आहेत. लोणावळ्याहून कार्ल्याला जाणं सोपं आहे. मुलांना नेऊन तो लेख प्रत्यक्ष दाखवता येतो.

चूक सातवी: फिडिपिडिस, ४२ किलोमीटर आणि शेवटचा श्वास

नावाचा अर्थ सांगताना ही गोष्ट आपोआप येते, म्हणून तिचा गुंता सोडवायला हवा. लढाईच्या सगळ्यात जवळचा लेखक हिरोडोटस. त्याचा धावपटू (हस्तलिखितांत फिडिपिडिस किंवा फिलिपिडिस) लढाईआधी अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला गेला. ते अंतर साधारण २४० किलोमीटर, आणि तो दुसऱ्या दिवशी पोचला. स्पार्टाने उत्तर दिलं, पौर्णिमेपर्यंत आम्हाला निघता येत नाही. त्यांचे २००० सैनिक आले तेव्हा लढाई आटोपली होती. मॅरेथॉनहून अथेन्सला धावत आलेला आणि विजयाची बातमी सांगून कोसळलेला माणूस हिरोडोटसमध्ये नाहीच.

तो येतो लढाईनंतर सुमारे सहाशे वर्षांनी, प्लुटार्कच्या लेखनात. तिथेही त्याचं नाव फिडिपिडिस नाही. कुणी थर्सिपस म्हणतं, बहुतेक जण युक्लीस म्हणतात, असं प्लुटार्क लिहितो. त्यानंतर ल्युशियन या लेखकाने या धावेला फिलिपिडिसचं नाव जोडलं. १८७९ मध्ये रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीने दोन्ही धावा एकाच माणसाच्या कवितेत गुंफल्या, आणि ती गोष्ट युरोपभर पसरली. पहिल्या आधुनिक ऑलिंपिकची जुळवाजुळव चालू असताना मिशेल ब्रेआल या फ्रेंच विद्वानाने मॅरेथॉन ते अथेन्स शर्यतीची कल्पना मांडली. ब्रेआल स्वतः भाषाशास्त्रज्ञ, शब्दार्थाच्या अभ्यासातलं मोठं नाव. १८९६ मध्ये ती शर्यत स्पिरिडॉन लुईस या ग्रीक धावपटूने जिंकली. तिचं अंतर होतं सुमारे ४० किलोमीटर.

मग ४२.१९५ कुठून आलं? १९०८च्या लंडन ऑलिंपिकच्या मार्गावरून. विंडसर राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांपर्यंतचं ते अंतर, आणि १९२१ मध्ये तेच जगभरासाठी कायम झालं. ‘मॅरेथॉनपासून अथेन्सपर्यंत बरोबर ४२.१९५ किलोमीटर’ हे वाक्य म्हणूनच चूक. धावपटूने हातात बडीशेपेची काडी धरली होती, ही भर तर अगदी अलीकडची. एकाही प्राचीन ग्रंथात ती नाही.

चूक आठवी: आजचं गाव म्हणजेच रणांगण

हल्ली बरेच मराठी धावपटू अथेन्सच्या मूळ मार्गावर धावायला जातात, त्यांच्यासाठी हे थोडक्यात. शर्यत जिथून सुटते ते आजचं मराथोनास गाव. सोरोस त्याच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर मैदानात आहे, आणि शर्यतीचा मार्ग मुद्दाम वळून त्याला वळसा घालून पुढे जातो. गावाजवळचं मॅरेथॉनचं धरण प्राचीन नाही. ते अथेन्सच्या पिण्याच्या पाण्यासाठी १९२९ मध्ये पुरं झालं आणि त्याच्या भिंतीला पेंटेली डोंगराचा संगमरवर लावला आहे. धरणाच्या फोटोखाली ‘याच जागी लढाई झाली’ असं लिहू नका.

चूक नववी: ‘-थॉन’ हा ग्रीक प्रत्यय समजणं

वॉकेथॉन, टेलिथॉन, हॅकेथॉन, सायक्लोथॉन. या शब्दांवरून वाटतं की ग्रीकमध्ये ‘-थॉन’ म्हणजे दीर्घकाळ चालणारा उपक्रम असावा. असा प्रत्यय ग्रीकमध्ये नाही. नावाची खरी फोड ‘मरथ’ अधिक ‘ओन’. ‘थ’ हा झाडाच्या नावातला आहे. विसाव्या शतकात अमेरिकेत ‘मॅरेथॉन’चा शेवट तोडून तो इतर शब्दांना चिकटवायला सुरुवात झाली, आणि हा नवा प्रत्यय तयार झाला. हे शब्द वापरायला काहीच हरकत नाही. भाषा अशाच वाढतात. फक्त हॅकेथॉनच्या उद्घाटनाच्या भाषणात ‘थॉन या ग्रीक शब्दाचा अर्थ…’ अशी सुरुवात करू नका. कुणी विचारलंच, तर सांगा की तो ‘थ’ बडीशेपेचा.